दुसरा ढीग

"मामा, दुसऱ्या ढिगावर माझ्या बादलीशिवाय काही पडलं नाही ना?" हातातल्या कागदाची घडी घालत भाचीनं विचारलं.

"छे. मी असताना काय पडणार?"

मामा बोलून गेले आणि त्यांची नजर शेडच्या दारातल्या पाण्याच्या भांड्यांवर गेली.

वीस वर्षं ते या पोल्ट्रीवर होते. कोंबडी खोकली की आवाजावरूनच दुखणं ओळखायचे आणि पिण्याच्या पाण्यात औषधाची पूड कालवायचे. सगळे त्यांना डॉक्टर म्हणत. शाळा अर्ध्यात सोडलेल्या माणसाला ती हाक फार गोड लागायची. संध्याकाळी उरलेलं औषधाचं पाणी ते दाराबाहेरच्या विष्ठेच्या ढिगावर ओतून टाकत, कारण गटार लांब होतं आणि गुडघे कुरकुरत होते. भाचीनं प्रयोगाला नेमका तोच ढीग घेतला होता. तिनं 'दुसरं काही टाकू नकोस' असं बजावलं, तेव्हा त्यांनी मान डोलावली होती. पण उरलेलं पाणी म्हणजे काहीतरी टाकणं, हे आत्तापर्यंत त्यांच्या डोक्यातच आलं नव्हतं.

कोंबड्यांना दिलेलं औषध विष्ठेत उतरतं, विष्ठा खत म्हणून शेतात जाते, तिथून औषध विहिरीत झिरपतं. मग माणसाच्या आजाराला तेच औषध लागू पडेनासं होतं. ते औषध खाऊन संपवणारे जंतू भाचीनं दोन वर्षं खपून वाढवले होते. सापडले होते ते याच शेडमागच्या मातीत. पहिला ढीग तुलनेला तसाच ठेवून, दुसऱ्यावर तिनं याच जंतूंची बादली ओतली होती.

"ढिगातलं औषध कमी व्हायचं सोडून वाढलंय," ती म्हणाली. "सर म्हणतात, जंतू कुचकामी आहेत, नाहीतर मला मोजता येत नाही. उद्या जंतूंच्या सगळ्या बाटल्या उकळून टाकायच्यात."

खरं सांगायला एक वाक्य पुरलं असतं. तेवढ्यात आतून कुणीतरी ओरडलं, "डॉक्टर, जरा इकडे या!" आणि मामा गेले. पळालेच म्हणा ना.

त्या रात्री मामांनी ताट तसंच बाजूला सरकवलं. "जीभ चावली का?" बायकोनं विचारलं. "चावायला हवी होती," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी पहिली बस पकडून ते प्रयोगशाळेत पोचले. बाटल्या धुऊन पालथ्या घातल्या होत्या. भाची हात पुसत उभी होती, शेजारी तिचे सर.

"मीच टाकत होतो," मामा म्हणाले. "रोज संध्याकाळी. उरलेलं औषधाचं पाणी. हिचं काही चुकलं नाही, साहेब. काल हिनं विचारलं, तेव्हा मी खोटं बोललो."

भाची पालथ्या बाटल्यांकडे बघत राहिली.

"मामा, काल सांगितलं असतंस तर," ती हळूच म्हणाली. "काल होते रे सगळे."

ती रागावली असती तर मामांना बरं वाटलं असतं. शरमेनं त्यांना मान वर करवेना.

आठवड्यानं ती पुन्हा आली. शेडमागची माती तिनं नव्यानं पिशवीत भरली. सारं पहिल्यापासून करायचं होतं. मग मोटारीतून चार लोखंडी खुंट्या आणि दोरीचं भेंडोळं काढलं. दोरी कुणाला ढिगापासून लांब ठेवायला आहे, हे मामांना कळलं.

खुंट्या त्यांनीच ठोकल्या. जमीन कडक होती, तिच्यानं झालं नसतं.

"डॉक्टर, हे काय चाललंय?" अंडी न्यायला आलेल्या गाडीवाल्यानं पलीकडून विचारलं.

"मी डॉक्टर नाही," मामा म्हणाले.

भाची दोरी बांधत ढिगाभोवती फिरली. शेवटच्या खुंटीशी गाठ सैल पडू लागली, तेव्हा तिनं मागे न बघता हात पुढे केला. मामांनी दोरीचं दुसरं टोक ओढून ताठ धरलं, आणि गाठ पक्की बसेपर्यंत बाहेरच्या बाजूला उभे राहिले.