हवेतला दांडा

एकतीस वर्षं मी कोर्टात टायपिस्ट आहे. निकाल न्यायाधीशांच्या तोंडून निघतो आणि माझ्या बोटांतून कागदावर उतरतो. मधे कुणी लुडबुड केलेली मला खपत नाही. यंदा माझ्या सांध्यांनीच लुडबुड केली. कळ दाबली की कळ थेट कोपरापर्यंत जायची. अधीक्षक साहेब म्हणाले, "बाई, सोमवारी दहा मिनिटांची चाचणी घेऊ. जमलं तर खुर्ची तुमची, नाहीतर रेकॉर्ड रूम."

रेकॉर्ड रूम म्हणजे गठ्ठे बांधणं. मी आणि गठ्ठे? मेले तरी नाही.

माझी भाची संगणकातली. तिने टेबलावर छोटा कॅमेरा लावला. "मावशी, काही दाबायचंच नाही. हवेत टाइप कर. बोटं कुठे जातात ते हा बघतो."

मी हवेत एक ओळ टाइप केली. पडद्यावर उमटली! बोटांत जराही कळ नाही. आनंदाने मी भाचीचा गालगुच्चा घेतला, तर पडद्यावर 'ठठठ' आलं.

पण दुसरी ओळ सुरू केली आणि पहिली गायब.

"मावशी, ओळ संपली की डावा हात असा काय झटकतेस? ती खूण 'पुसून टाक'ची आहे."

खरंच की! मी शिकले जुन्या टाइपरायटरवर. घंटी वाजली की डाव्या हाताने दांडा उजवीकडे ढकलायचा, मग नवी ओळ. कीबोर्डवर ती सवय दबून होती. हात हवेत मोकळा झाला आणि ती उसळून वर आली. दोन दिवस हात आवरला, मनगटाला रुमालही बांधून पाहिला. जित्याची खोड!

रविवारी भाची रडकुंडीला आली. "उद्या तुझा अख्खा मजकूर पुसला जाईल गं!"

 मी मात्र संतापले. "हे यंत्र परवा आलंय, मी एकतीस वर्षं आहे. मला काय शिकवतेस? त्याला शिकव!"

ती खो खो हसली. अर्ध्या तासात मूठ मिटणं म्हणजे 'पुसून टाक' झालं आणि माझा झटका म्हणजे 'नवी ओळ'.

सोमवारी साहेबांनी स्वतः मजकूर सांगितला. दहा मिनिटांत दोन चुका, त्यातली एक त्यांच्या उच्चाराची. खुर्ची माझीच राहिली.

आता असे कॅमेरे आणखी चार टेबलांवर आहेत. परवा साहेब स्वतःच एकापुढे बसले.

"बाई, हे पुढच्या ओळीवर जाईना."

"दांडा ढकला, साहेब."

"कुठला दांडा?"

मी हाताने करून दाखवलं. उभ्या जन्मात टाइपरायटरला न शिवलेल्या साहेबांनी हवेतला दांडा उजवीकडे ढकलला आणि ओळ बदलली. घंटी तेवढी मला एकटीलाच ऐकू आली.