दोन्ही टोकांना आवाज

मदरबोर्ड मी निवडला. हे आधीच सांगून टाकते, कारण आमचा समाधान अजून सगळ्यांना "आम्ही कॉम्प्युटर बनवला" असं सांगत फिरतो. आम्ही म्हणजे कोण? बाकीचा डबा त्यानं जोडला असेल. बोर्ड माझ्या पसंतीचा आहे, आणि त्यासाठी मी सिल्व्हर पार्कहून भाईंदर वेस्टला तीन चकरा मारल्यात.

झालं असं, की हॉलमधल्या टीव्हीला जोडायला एक छोटा कॉम्प्युटर बनवायचं समाधाननं ठरवलं. सगळे पिक्चर, लग्नाच्या जुन्या कॅसेटी, समिधाचे शाळेतले डान्स, सगळं एका ठिकाणी. समिधा म्हणजे माझी नात, सातवीत आहे. समाधान आयटीत आहे, त्यामुळे घरात ज्याला म्हणून वायर आहे ते सगळं आपल्याच अखत्यारीत येतं, असा त्याचा समज. रविवारी जेवताना त्यानं सामानाची यादी वाचून दाखवली. प्रोसेसरवर पंधरा मिनिटं बोलला. बोर्डावर आला तेव्हा म्हणाला, "बोर्ड काय, कुठलाही चालतो."

मी विचारलं, "त्यातून आवाज कुठून बाहेर येतो?"

"टीव्हीतून, आई. तिथून साउंडबारला."

"आणि पप्पांच्या कानाला?"

तो भाकरी मोडत म्हणाला, "पप्पा हॉलमध्ये बसतात कुठे हल्ली?"

माझं डोकंच फिरलं. पप्पा म्हणजे माझे मिस्टर, केरबा. एकतीस वर्षं बस चालवली त्यांनी. जुन्या बसला इंजिन ड्रायव्हरच्या डाव्या हाताला, आतच असायचं. त्या इंजिनानं डावा कान पुरता खाल्ला आणि उजवा अर्धा. कानात मशीन आहे, पण त्यात पंखा, मिक्सर, कुकर आणि टीव्ही सगळे एकदम बोलतात. हेडफोन लावला की मात्र ह्यांना शब्द न् शब्द कळतो. अडचण अशी, की टीव्हीला हेडफोनची वायर लावली की बाकीच्यांचा आवाज बंद. बिनवायरचा आणून पाहिला, तर ओठ आधी हलायचे आणि बोलणं मागून यायचं. त्यात समाधाननं तो साउंडबार आणला. कानामागून आली आणि तिखट झाली ती स्पीकरची लांबुडकी पेटी. ह्यांचा हेडफोन खिळ्याला टांगला गेला.

मग हे नुसतेच बसायचे. सगळे हसले की विचारायचे, "काय म्हणाला?" आणि कोणीतरी म्हणायचं, "काही नाही, पप्पा." वाईट हेतूनं नाही, प्रत्येकाला पुढचं ऐकायचं असतं. मीही म्हटलंय, खोटं कशाला बोलू. तीन वर्षं ह्या माणसाला 'काही नाही' मिळालं, आणि एक दिवस हे उठून मोबाइल घेऊन आतल्या खोलीत गेले ते गेलेच. हॉलमधल्या त्यांच्या खुर्चीवर आता इस्त्रीचे कपडे असतात. मला ती खुर्ची रिकामी करून त्यांना तिथे बसवायचं होतं. बाकी मला कॉम्प्युटरशी काही देणंघेणं नव्हतं.

"बोर्ड मी बघणार," मी म्हटलं.

समाधान हसला. "आई, तुला मदरबोर्डातलं कळतं?"

"नावात मदर आहे ना? मग आण ती यादी इकडे."

आता माझं ऐका. मी चौतीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजच्या टेस्ट रूममध्ये काढली आहेत. तिथे आमचा एक नियम होता. एका टोकाच्या सांगण्यावरून लाइन चालू झाली असं लिहायचं नाही. दुसऱ्या टोकाचाही माणूस 'हॅलो, येतंय' म्हणाला पाहिजे. एकाला ऐकू येतंय आणि दुसऱ्याला नाही, ह्याला आम्ही फॉल्ट म्हणायचो. माझ्या स्वतःच्या हॉलमध्ये तीन वर्षं फॉल्ट होता, आणि सगळे म्हणत होते लाइन चालू आहे.

चार दिवस मी फोनवर बोर्डांची माहिती वाचली. जे इंग्रजी अडलं ते समिधानं सांगितलं. लोक बोर्डाचा चेहरा बघतात, दिवे किती लागतात वगैरे. मी पाठ बघितली, जिथे वायरी लागतात ती. सगळ्यांना आवाजासाठी गोल भोकं असतात, त्यातलं हिरवं हेडफोनचं. पण काहींना शेजारी एक छोटं चौकोनी भोकही असतं आणि त्यात तांबडा उजेड दिसतो. त्यातूनही आवाज जातो. साउंडबारच्या मागेही तसंच भोक आहे, मी टॉर्च मारून खात्री केली. म्हणजे चौकोनी भोकातून साउंडबार आणि हिरव्यातून ह्यांचा हेडफोन. दोन्ही एकाच वेळी चालतात का, एवढं मात्र कुठेच लिहिलेलं नव्हतं.

भाईंदर वेस्टला नीरजचं दुकान आहे, समाधान त्याच्याकडूनच सामान घेतो. मला बघून तो म्हणाला, "आंटी, बेटे को भेज दो ना. लिस्ट उसी की है."

"बेटा नहीं आएगा, मैं आई हूँ. दो आउटपुट वाला बोर्ड चाहिए."

"दो क्या, तीन वाला देता हूँ," म्हणाला आणि खोका पिशवीत घातला.

घरी येऊन उघडलं, तर मागे चित्राचीच तीन भोकं. तीन टीव्ही लावा म्हणे. चौकोनी भोकाचा पत्ता नाही. आउटपुट म्हटलं की ह्या लोकांना पडदाच दिसतो, कानाचा विचार कोणाच्या डोक्यात येत नाही. माझीही चूक, मी जिभेवर आलं ते बोलून मोकळी झाले.

दुसऱ्या दिवशी खोका परत. "नीरज, आवाज. तस्वीर नहीं. दो जगह आवाज, एक ही टाइम पे."

"आंटी, ऐसा कोई मांगता ही नहीं."

"मैं मांग रही हूँ ना."

त्यानं शोधून चौकोनी भोकाचा एक बोर्ड काढला. मी विचारलं, दोन्ही एकदम चालेल? तो म्हणाला, "चलना तो चाहिए." 'चाहिए'वर मी आयुष्यात एकही लाइन पास केलेली नाही. पिशवीतून ह्यांचा हेडफोन काढला आणि म्हटलं, इथेच टेबलावर जोडून दाखव, हाताच्या काकणाला आरसा कशाला. त्यानं तोंड वाकडं केलं, पण जोडला. मी हेडफोन कानाला लावला. गाणं छान येत होतं. दुकानातला साउंडबार मात्र चिडीचूप.

"देखा? नहीं होता," नीरज म्हणाला.

"कल तक का टाइम है तेरे पास. सेटिंग में देख."

मी दुकानाच्या पायरीवर होते तेवढ्यात समाधानचा फोन. नीरजनं चुगली केली असणार. "आई, कशाला त्याला त्रास देतेस? मी मागवतो ऑनलाइन काहीतरी. पप्पांना तरी कुठे एवढं पडलंय?"

"त्यांना पडलं नाही, कारण विचारायचे तेव्हा तुम्ही उत्तर दिलं नाही," मी म्हटलं. "मला पडलंय." आणि फोन ठेवला. ऐकावं जनाचं, करावं मनाचं. ह्या वेळी तर मी जनाचं ऐकायलाही तयार नव्हते. रिक्षात बसल्यावर मात्र रडू आलं. कारण मीही त्या उत्तर न देणाऱ्यांतलीच होते.

तिसऱ्या दिवशी नीरजचाच फोन आला. "आंटी, आ जाओ." पठ्ठ्यानं सेटिंगमधली कुठलीशी खूण शोधली होती. मी हेडफोन लावून टेबलाच्या ह्या टोकाला, तो साउंडबारपाशी त्या टोकाला. गाणं लावलं.

"तेरे को आ रहा है?" मी विचारलं.

"आ रहा है, आंटी."

"मेरे को भी." मग मी एक्स्चेंजमधल्यासारखं म्हटलं, "टेस्ट ओके." त्याला काय कळलं कोण जाणे, पण तोही हसत होता. त्याला तीच खूण मी कागदावर लिहून द्यायला लावली.

रविवारी दुपारी समाधाननं कॉम्प्युटर जोडला. तोंड पाडूनच जोडला, पण कागदावरची खूण बरोबर केली. मी खुर्चीवरचे कपडे पलंगावर टाकले आणि हिरव्या भोकातली लांब वायर भिंतीच्या कडेनं खुर्चीपर्यंत आणली.

"अहो, चला बाहेर."

"राहू दे गं. मला काय कळायचंय?"

"नाही कळलं तर परत या. आतली खोली कुठे पळून जात नाही."

आले. हेडफोन लावला. समिधानं एक जुना विनोदी मराठी पिक्चर लावला. दहा मिनिटं हे नुसते ताठ बसून होते. समाधान ऑफिसचा मेसेज वाचायला मोबाइलमध्ये डोकं घालून बसला. आणि मग हे हसले. समिधाबरोबर, त्याच क्षणाला, पोट धरून हसले. हेडफोनमुळे आपला आवाज किती मोठा होतोय तेही त्यांना कळत नव्हतं. असं हसणं मी तीन वर्षांत ऐकलं नव्हतं. माझा पदर डोळ्यांना गेला, जाऊ दे.

समाधाननं दचकून मान वर केली. पिक्चरमधलं ते वाक्य त्याचं हुकलं होतं. त्यानं ह्यांचा दंड हलवला आणि विचारलं, "पप्पा, काय म्हणाला?"

तो प्रश्न ह्यांना नुसत्या ओठांवरून कळला. कळणारच, तीन वर्षं त्यांनीच तो विचारला होता. नजर परत पडद्याकडे वळवत हे म्हणाले, "काही नाही."