एका जागेसाठी दोघं

अक्रा शहरातल्या त्या विमा कंपनीत जागा एकच होती, तक्रार विभागाच्या व्यवस्थापकाची. मी अर्ज केला इस्टरच्या आधी, आणि मुलाखती संपत आल्या तेव्हा दुकानांत नाताळच्या माळा लागल्या होत्या. माझी आधीची कंपनी बंद पडली होती. शहराच्या मदिना भागातल्या आमच्या घरी आई, मी आणि माझी मुलगी सेलासी. आई पहाटे मक्याचे आबोलो वाफवून कोपऱ्यावर तळलेल्या मासळीबरोबर विकायची, त्यावर घर चाललं होतं.

आधी फोनवर मुलाखत झाली. मग संगणकावर परीक्षा. मग सगळ्यांना एका टेबलाभोवती बसवून चर्चा. एकदा तर कंपनीचाच माणूस चिडलेला ग्राहक बनून समोर बसला आणि मला त्याची समजूत काढायला सांगितली. प्रत्येक वेळी शेवटी एकच शब्द, "कळवतो." मग आठवडेच्या आठवडे शांतता. आई म्हणायची, "तुला मागणी घालायला आले होते, तेही एकदाच दार वाजवून आत आले. ही माणसं किती वेळा वाजवणार आहेत?"

अंकल एबो मला तिथल्या प्रतीक्षाकक्षात भेटले. एबो क्वानसा, पन्नाशी ओलांडलेले. त्यांची बँक दुसऱ्या बँकेत विलीन झाली आणि त्यांना घरी पाठवण्यात आलं. प्रत्येक फेरीला त्यांचा तोच निळा टाय असायचा आणि खिशात कागदात बांधलेले भाजके शेंगदाणे. ते राहायचे आडेंटाला, माझ्याच वाटेवर. त्यामुळे परतताना आम्ही एकाच ट्रोट्रोत, म्हणजे खचाखच भरणाऱ्या प्रवासी व्हॅनमध्ये, बसायचो. आत काय विचारलं ते एकमेकांना सांगायचं नाही, हे न बोलताच ठरलं होतं. बाकी सगळ्यावर हसायचो. हळूहळू बाकीचे उमेदवार गळत गेले आणि आम्ही दोघंच उरलो. मग ट्रोट्रोतलं हसणंही कमी झालं.

शेवटची मुलाखत जोहान्सबर्गच्या मुख्य कचेरीतल्या साहेबांबरोबर, घरूनच, संगणकाच्या पडद्यावर. अंकलची सकाळी होती, माझी दुपारी. जेवणाच्या वेळी आमच्याकडची लाईट गेली. माझा लॅपटॉप जुना, प्लग काढला की मान टाकायचा. धावत इंटरनेटच्या दुकानात गेले, तर सगळी गल्लीच बंद. कंपनीत फोन लावला, कुणी उचलला नाही. आई म्हणाली, तुझ्या त्या शेंगदाणेवाल्याला विचार. मला धीर होत नव्हता. कसं विचारायचं? शेवटी लावला. काय झालं ते एका दमात सांगितलं.

"ये," ते म्हणाले. "आमच्याकडेही लाईट नाहीये, पण जनरेटर आहे. आणि टॅक्सी कर, ट्रोट्रोची वाट बघत बसू नकोस."

मी पोहोचले तेव्हा त्यांच्या बायकोने, आंटी अराबांनी, टेबल पुसून खिडकीजवळ लावलं होतं. सकाळच्या मुलाखतीला अंकल ज्या खुर्चीत बसले होते, तीच मला दिली. शेजारीण फुफूसाठी उखळात उकडलेले कंद धडाधड कुटत होती, तर अंकल कुंपणापाशी जाऊन तिला थोडा वेळ थांबायची विनंती करून आले. मग ते बाहेर जनरेटरपाशी बसले, कारण तो मधूनच गुदमरायचा.

साहेबांनी बरंच विचारलं. शेवटी त्यांच्यातल्या एका बाईंनी विचारलं की, दुसऱ्या उमेदवाराऐवजी तुम्हालाच का घ्यावं? खिडकीतून मला अंकलची पाठ दिसत होती, घामाने शर्ट चिकटलेली. जनरेटरच्या आवाजात त्यांना काही ऐकू जाणं शक्य नव्हतं. मी म्हणाले, ते हे काम उत्तम करतील. त्यांच्यात मी खोट काढू शकत नाही. मी काय करेन, तेवढंच सांगते. आणि तेवढंच सांगितलं.

बाहेर आले तर त्यांच्या हाताला पेट्रोलचा वास येत होता. मी विचारलं, "अंकल, तुम्ही हे का केलंत?"

"खरं सांगू? तू हरावीस असं मला अजूनही वाटतंय, जिफा. मला ही नोकरी हवीय. पण तू लाईटपायी हरलीस, तर व्यवस्थापकाच्या खुर्चीत बसून मला रोज तेच आठवत राहील."

"भाषण पुरे," आंटी आतून म्हणाल्या. "पोरीने सकाळपासून काही खाल्लेलं दिसत नाही."

नाताळच्या तोंडावर कंपनीचा फोन आला. नोकरी मला मिळाली होती. आई आणि सेलासी नाचायला लागल्या. मी आबोलोचा डबा भरून आडेंटाला गेले, कारण हे फोनवर सांगणं मला जमणार नव्हतं. अंकलनी दार उघडलं, माझा चेहरा पाहिला आणि आत गेले. बराच वेळ बाहेर आले नाहीत. आंटींनी मला बसवून घेतलं. मग ते आले, तोंड धुऊन, शर्ट बदलून.

"पगाराला लगेच हो म्हणाली नाहीस ना?" त्यांनी विचारलं. "पहिल्या आकड्याला हो म्हणायचं नसतं." आणि डबा उघडून खायला लागले.

त्यांना मात्र कंपनीने काहीच कळवलं नव्हतं. मी सही करायला गेले तेव्हा हे सांगितलं. तिथली मुलगी म्हणाली, नकाराचा ईमेल आपोआप जातो. मी म्हणाले, त्यांना कुणीतरी फोन करेपर्यंत मी इथेच बसते. तिने आतल्या साहेबांना बोलावलं, आणि त्यांनी माझ्यासमोर अंकलना फोन लावला. नीट बोलले, माफीही मागितली.

आता मी त्या विभागात आहे, आणि ज्यांची तक्रार आम्ही नाकारतो, त्या प्रत्येकाला मी स्वतः फोन करते. मार्चमध्ये अंकलना जवळच्या तेमा शहरातल्या एका पतसंस्थेत काम मिळालं. ते सांगायला अंकल आणि आंटी आमच्याकडे आले होते. मी विचारलं, मुलाखती किती झाल्या?

"एकच," ते म्हणाले. "मी विचारलं, पुढची कधी? तर म्हणाले, सोमवारी कामावर या."

आई इतकी हसली की तिला खाली बसावं लागलं. मग तिने अंकलचे दोन्ही हात हातात घेतले आणि मला इतके दिवस जे म्हणता आलं नव्हतं, ते आमच्या एवे भाषेत म्हणाली. अंकलना त्यातला शब्दही कळला नाही. पण त्यांनी हात सोडवून घेतले नाहीत.