बिनआवाजाची बस

भटू पाटील सुरतेत डिंडोली ते स्टेशन या मार्गावर अकरा वर्षं डिझेलची बस चालवत होता. इंजिन त्याच्या डाव्या हाताशीच. त्या घरघरीनं कान गेले. घरीसुद्धा तो बायकोला, सुषमाला, म्हणायचा, "जोरमा बोल!"

सुषमा उधन्याला साड्यांच्या घड्या घालायच्या कारखान्यात कामाला. सकाळी त्याच्याच बसनं जायची, त्याच्या पाठीमागच्या सीटवर बसून. बोलणं शक्यच नसायचं. तो आरशातून भुवया उडवायचा, ती तोंडाला पदर लावून हसायची.

दोन वर्षांपूर्वी भटू झोपेतच गेला. बस त्याच्या सोबतीच्या ड्रायव्हरकडे, योगेंद्रकडे आली. सुषमानं ती सीट सोडली नाही.

गेल्या शनिवारी ती उतरायला लागली तेव्हा योगेंद्र ओरडून म्हणाला, "वहिनी, हिचा आज शेवटचा दिवस. सोमवारपासून इलेक्ट्रिक!"

सुषमा दारातून परत वळली. इंजिनाच्या झाकणावर तळवा ठेवला. चटका बसत होता, तरी तिनं हात उचलला नाही. मागून "चालो बेन, चालो" सुरू झालं, तेव्हा उतरली.

सोमवारी नवी बस पुढ्यात येऊन थांबली तरी कुणाला चाहूल लागली नाही. आत गारवा होता. सिग्नलला गाडी उभी राहिली, तर मागच्या बायकांचं कुजबुजणंही ऐकू येऊ लागलं.

"वहिनी, पोरीची परीक्षा झाली?" योगेंद्रनं मान न वळवता, साध्या आवाजात विचारलं.

सुषमाला भरून आलं. अकरा वर्षं रोज अर्धा-पाऊण तास ती भटूच्या इतक्या जवळ बसली होती. पोरीचा ताप, माहेरचा निरोप, शेजारणीशी झालेलं भांडण, सगळं ओठांवर यायचं नि तिथंच राहायचं. घरी तो दमलेला असायचा. मग ओरडून ओरडून किती सांगणार?

"झाली," ती म्हणाली. "तिनं शिकावं असं त्यांना फार वाटायचं." आणि मग ती बोलतच राहिली. भटू डाळबट्टीवर कसा तुटून पडायचा, पोरगी झाली तेव्हा आख्ख्या बसला पेढे कसे वाटले होते.

"वहिनी, तुमचा स्टॉप गेला की!"

"जाऊ दे. पुढच्याला उतरते."

ती उतरली, बस निघून गेली. एवढं बोलली, पण ज्याला सांगायचं होतं त्याला यातलं काहीच कळणार नव्हतं. सुषमा उन्हातून कारखान्याकडे मागं चालू लागली.