कशात तळलाय?

हर्षदा माझ्या बहिणीची मुलगी, वकिलीच्या शेवटच्या वर्षाला. कात्रपहून इकडे माझ्या घरी, हेंद्रेपाड्याला येते ती मावशीच्या ओढीनं नाही, माझ्या शेवेच्या ओढीनं. मागच्या महिन्यात आली ती थेट कढईपाशी स्टूल ओढून बसली.

"मावशी, त्या तेलाच्या डब्यावर काय लिहिलंय?"

"सरकीचं तेल. का गं?"

"सरकी कसल्या कापसाची?"

आता घ्या! बावीस वर्षं फरसाण तळतेय, पण सरकीला गोत्र विचारायचं असतं हे मला कोणी सांगितलं नव्हतं.

तर तिच्या कॉलेजात लुटुपुटीचं कोर्ट भरणार होतं. बियाण्यातच जनुकं बदललेल्या पिकाचं खाणं विकलं, तर पाकिटावर तसं छापायची सक्ती करावी का, हा खटला. आपल्याकडचा बहुतेक कापूस तसल्याच बियाण्याचा, त्याच्या सरकीचं तेल आपण रोज खातो, आणि माझ्या डब्यावर त्याबद्दल चकार शब्द नाही. चिठ्ठ्या टाकल्या तेव्हा हर्षदाच्या वाट्याला कंपन्यांची बाजू आली होती. म्हणजे तिनं म्हणायचं, छापायची गरज नाही.

झालं, माझ्या डोक्यात किडा वळवळायला लागला. उल्हासनगरच्या तेलवाल्याला फोन लावला. तो म्हणाला, "भाभी, तेल एकदम साफ है, और क्या चाहिए?" दूधवाल्या राजूला विचारलं. तो हसला. "मावशी, आमच्या म्हशी रोज सरकीची पेंड खातात. एकीनं अजून विचारलं नाय."

"म्हशीला वाचता येत नाही रे मेल्या," मी म्हटलं.

हर्षदा मात्र खूश. "मावशी, माझा मुद्दा साधा आहे. नुकसान सिद्ध झालेलं नाही. जे पोटात जाऊन काही होत नाही, ते सांगायचं कशाला? लोक उगाच घाबरतात."

"खरंच आहे," मी झारा आपटत म्हटलं. "काही होत नाही. मी डोळ्यांनी बघितलंय."

"काय बघितलंस?"

जिभेला हाड नसतं हेच खरं. सांगून बसले.

आमच्या तळमजल्यावर भागीरथीकाकू राहतात. शहात्तर वर्षांच्या. अठरा वर्षं दर एकादशीला माझा बटाट्याचा चिवडा नेतात. तो मी वेगळ्या कढईत, शेंगदाण्याच्या तेलात तळते, आणि पाकिटावर तसं छापतेसुद्धा. गेल्या श्रावणात ऐन वेळी शेंगदाण्याचं तेल संपलं, दुकान बंद. म्हटलं, कोणाला कळतंय? ज्या सरकीच्या तेलात बेसनाची शेव तळली होती, त्यातच चिवडा काढला. पाकीट नेहमीचंच लावलं. काकूंनी खाल्ला, दुसऱ्या दिवशी उपवास सोडला. अगदी ठणठणीत!

मला वाटलं हर्षदा टाळी देईल. तिनं हातातली शेव ताटलीत परत ठेवली.

"मावशी, मग मी कोर्टात हेच सांगू? म्हातारी ठणठणीत आहे?"

"सांग की," म्हटलं खरं, पण लगेच माझी मीच मोठ्यानं वाद घालायला लागले. बेसनानं कधी कोणी मेलंय का? आणि 'उपवासाचा' असं छापायला मला कुठल्या कायद्यानं सांगितलंय? तरी मी छापते, कारण काकूंना त्यांचं व्रत मोडायचं नसतं. आणि ते मोडलं की नाही हे त्यांना कळणार कसं, तर माझ्याच सांगण्यावरून.

हर्षदानं हे वहीत उतरवून घेतलं. "हा समोरच्यांचा मुद्दा आहे. त्यांना सुचला तर मी मेले."

तिचं एक झालं, माझं काय? आमच्या बिल्डिंगीत काकूंचा शब्द चालतो. "प्रतिभाच्या हातचं आहे ना, मग विचारू नका," असं त्या चारचौघांत सांगतात. तो शब्द गेला तर उपवासाचं गिऱ्हाईक गेलंच. पण त्याहून भीती होती ती काकूंच्या तोंडाकडे बघायची. अख्खी सकाळ टाळाटाळ केली. शेवटी गॅस बंद करून खाली गेले आणि एका दमात सांगून टाकलं.

काकू मेथी निवडत होत्या. त्यांचा हात थांबला.

"कुठल्या एकादशीला?"

"श्रावणातल्या दुसऱ्या."

"आणि आणखी कधी?"

"एकदाच हो काकू, देवाशप्पथ!"

"बरं," त्या म्हणाल्या आणि मेथी पुढे ओढली. चार शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

हर्षदा खटला जिंकली. समोरच्यांना तो मुद्दा सुचलाच नाही. पेढे घेऊन आली तेव्हा म्हणाली, "मावशी, जिंकले, पण मला पटलं नाही गं."

पुढच्याच आठवड्यात एकादशी आली. काकूंचं पाकीट मी नेहमी त्यांच्या दाराला अडकवते. या खेपेला त्या स्वतः दोन जिने चढून आल्या, दम खात उंबऱ्यात उभ्या राहिल्या. अठरा वर्षांत पहिल्यांदाच विचारलं.

"कशात तळलाय?"

मी शेंगदाण्याच्या तेलाची फोडलेली पिशवी आणून त्यांच्या हातात दिली. त्यांनी चष्मा लावला आणि पुढून, मागून, अगदी बारीक अक्षरांपर्यंत सगळी वाचली. मग चिवड्याचं पाकीट घेतलं.

"आता दर वेळी विचारणार हं मी."

"विचारा काकू," मी म्हटलं, आणि तेलाच्या पिशव्या कपाटातून काढून दाराजवळच्या फळीवर मांडल्या.