पाला पडायच्या आधी

गेल्या हिवाळ्यात जयंतरावांना न्यूमोनिया झाला आणि वरुणने बापाचं जंगल बंद करून टाकलं. वनखात्यात तीस वर्षं काढलेला माणूस, आता हबीबगंजच्या फ्लॅटच्या बाल्कनीत दुर्बीण घेऊन बसायचा आणि समोरच्या टाकीवरची कबुतरं न्याहाळायचा. तक्रार म्हणून करायचा नाही, हेच जास्त वाईट. आठ महिन्यांपूर्वी पुण्याहून या हिंदी मुलखातल्या घरात आलेल्या रेवतीला, त्यांच्या सुनेला, ते बघवेना.

तिने नवऱ्यामागे भुणभुण लावली. ती सह्याद्रीत भटकलेली मुलगी. दोन तंबू, स्लीपिंग बॅगा, फुंकर मारून फुगवायच्या गाद्या, सगळं सामान माहेरहून आलेलं आणि माळ्यावर धूळ खात पडलेलं. शेवटी वरुण कसाबसा तयार झाला. मंडीदीपच्या पुढे त्याच्या मित्राचं शेत होतं, तिथे एकच रात्र. सकाळी तो फोन करणार. बाबा एकदा जरी खोकलेले कळले, तर हे शेवटचं.

जानेवारीतल्या शनिवारी सासरे-सून दोघं निघाली. शेतावर पोचल्यावर जयंतरावांनी चारी बाजूंना फिरून एका दाट मोहाखाली जागा नक्की केली. तंबू उभे झाले आणि ते गोवऱ्या नि सुकी लाकडं गोळा करायला गेले. तेवढ्यात शेताचा म्हातारा राखणदार सायकलवरून आला. "बिटिया, आज पाला पड़ेगा. इंतज़ाम कर लेना," एवढं सांगून तो घरी गेला.

रेवतीने मान वर करून मोहाकडे पाहिलं. म्हातारा बरोबर बोलत होता. एवढ्या मोठ्या झाडाचा पाला रात्रभर तंबूवर पडणार, म्हणजे धूळ, किडे, आणि मग बाबांचा खोकला. तिने कंबर कसली आणि दोन्ही तंबू एकटीने ओढत शेताच्या मधोमध, अगदी मोकळ्यावर नेऊन ठोकले. घाम पुसताना स्वतःवर बेहद्द खूश होती बाई.

जयंतराव परत आले. तंबू कुठे गेले ते त्यांनी पाहिलं आणि काहीच बोलले नाहीत. सासरे-सून एकमेकांशी फारच जपून वागायचे. नव्या सामानाची काहीतरी नवी रीत असेल, असं त्यांनी मनाशी ठरवलं असावं. ते पुन्हा गेले, सागाच्या वाळक्या पानांनी भरलेलं पोतं घेऊन आले आणि आपल्या तंबूचा कोपरा उचलून पानं खाली सारू लागले. रेवतीला राहवलं नाही.

"बाबा, पाला नको म्हणून तर मी तंबू झाडाखालून हलवले."

"नको? कोण म्हणालं?"

तिने राखणदाराचा निरोप सांगितला. जयंतराव कवळाभर पानं धरून हसत हसत चक्क जमिनीवर बसले. आठ महिन्यांत तिने त्यांना असं हसताना पाहिलं नव्हतं.

"अगं, हिंदीतला पाला म्हणजे दहिवर. दव गोठतं ना, ते. तो सांगत होता आडोशाला राहा, आणि तू मला उचलून उघड्यावर आणलंस."

"मग हा?"

"हा आपला मराठी पाला. त्या पाल्यावर उतारा."

रेवतीला हसू आलंच नाही. आपल्या हाताने आपण त्यांचं जंगल कायमचं बंद करायला निघालो होतो, एवढंच तिला दिसत होतं. त्यांचा तंबू तिने उचलून परत मोहाखाली नेला. जयंतरावांनी वीतभर जाडीचा पाल्याचा थर घातला, आडवा, मग उभा, त्यावर ताडपत्री, त्यावर तंबू. आत तिची गादी आणि तिची सर्वात उबदार स्लीपिंग बॅग. बॅगेची चेन त्यांनी चार वेळा खालीवर करून पाहिली आणि नोकरीत असताना हे मिळालं असतं तर, असं म्हणाले. गोवऱ्यांवर बाट्या भाजल्या, तिच्या गॅसच्या शेगडीवर चहा झाला. तोवर अंधार पडला होता, तिचा तंबू मोकळ्यावरच राहिला. निदान खाली पाला तरी घाल, असं त्यांनी दोनदा सुचवलं. गादी पुरेशी आहे, असं तिने दोनदा सांगितलं. दिवसभरात एवढी फजिती झाल्यावर निदान गादीची तरी अब्रू राहावी, अशी तिची इच्छा होती.

राहिली नाही. गादीतली हवा फरशीसारखी गार पडली. सकाळी तंबूवर कुणी मीठ भुरभुरल्यासारखं दिसत होतं आणि रेवतीचं नाक पार चोंदलं होतं. जयंतराव शेकोटीपाशी चहा उकळत होते, गाल लालबुंद, चेहरा टवटवीत.

फोन वाजला. तिने तो दोघांना ऐकू येईल असा लावला. बाबा एकदम छान आहेत, असं सांगायला तोंड उघडलं आणि तिला खोकल्याची ढास लागली.

"कोण खोकलं?" वरुणचा आवाज चढला. "बाबा ना? खरं सांग."

रेवतीला ढासेतून उत्तर देता येईना. जयंतरावांनी तिच्या हातातून फोन घेतला.

"मी ठणठणीत आहे. तुझी बायको खोकतेय. तिला थंडी कळत नाही, हिंदी कळत नाही. तिला एकटीला जंगलात सोडायची सोय नाही, वरुण. यापुढे दर वेळी मला जावंच लागेल."

 पलीकडे वरुण हसला, आणि काळजी घ्या म्हणाला, दोघांनाही. जयंतरावांनी फोन ठेवला आणि चहाचा पेला सुनेच्या हातात दिला. रेवती तो दोन्ही हातांत धरून शेकोटीजवळ सरकली. पुढच्या खेपेला पाल्याची किती पोती लागतील, ते जयंतराव मोजायला लागले होते.