मनिरामजींच्या हातातली परखी

मित्रांनो, मी एक जुनी परखी आहे. तुमच्यापैकी कितीजणांनी मला पाहिले असेल, कोण जाणे! माझी गोष्ट ऐकण्याजोगी आहे की नाही, याचीही मला खात्री नाही. हातभर लांबीची लोखंडी नळी, पुढे अणकुचीदार टोक, मागे पोकळ लाकडी मूठ. धानाच्या पोत्यात मला खुपसले की पोते न उसवता आतले दाणे घरंगळत तळहातावर येतात.

कामठ्याच्या एका लोहाराने मला घडवले आणि मी एका राईस मिलमध्ये मनिरामजींच्या हाती आले. ते तिथे धान तपासत. मी काढलेला दाणा ते दाढेखाली धरत. कोरडा दाणा 'कट्' करून तुटतो, ओला नुसताच चपटा होतो. ओले धान भरडले की तांदळाचा चुरा होतो. त्यामुळे मनिरामजी 'नाही' म्हणाले की ट्रक आल्या वाटेने परत जाई. बावीस वर्षे सगळे त्यांची वाहवा करत. खरे सांगते, त्यातली थोडी मी स्वतःकडे घेत असे.

पुढे त्यांचे दात पडले, कवळी आली. तेव्हापासून ते अंगण झाडणाऱ्या अल्काबाईच्या हातावर चार दाणे टेकवू लागले. ती ते चावून थुंकून टाकी. मग कधी झाडत राही, कधी झाडू भिंतीला लावून उभी राही. मला वाटे, दोघांची काहीतरी थट्टा चालली असेल.

गेल्या दिवाळीनंतर मनिरामजी तापाने घरी होते. धानाचा ट्रक आला. मालक खुमेंद्रभाऊंनी ओलावा मोजायचे नवे यंत्र आणले होते. वरच्या पोत्यांतले दाणे त्यात घालून ते म्हणाले, "बढिया! उतरवा रे!"

"थांबा जी," अल्काबाई म्हणाली. ट्रकच्या तळातून सांडलेले दाणे तिने सवयीने चावले होते. "खालचं धान ओलं आहे."

"तू काऊन मधात बोलून राहिली? यंत्रापेक्षा तुले जास्त समजते का?"

"यंत्रानं वरचंच चाखलं न जी."

हमाल हसले. मालक तापले. "खोटं निघालं तर उद्यापासून कामावर यायचं नाही!"

अल्काबाईचा चेहरा उतरला. पण तिने खुंटीवरून मला काढले आणि तळाच्या पोत्यात मुठीपर्यंत खुपसले. मी हादरले! दाणे घरंगळेचनात. माझ्या नळीला ते चिकटून बसले होते. वजन वाढवायला कुणीतरी खालच्या पोत्यांवर पाणी मारले होते.

"तुले हे कोनं शिकवलं?" मालकांनी चिकटलेले दाणे बोटाने खरवडत विचारले.

तिने मला खुंटीवर टांगले आणि झाडू उचलला.

उत्तर दिले ते चार दिवसांनी कामावर आलेल्या मनिरामजींनी. "मालक, माहे दात गेले तवापासून धान हीच पारखून राहिली. ती झाडत राहिली का मी हो म्हणतो, तिनं झाडू भिंतीले लावला का नाही म्हणतो."

"म्हणजे दोन वर्षं माझी मिल या बाईच्या दातांवर चालून राहिली?" मालक मटकन खुर्चीत बसले.

मग ते उठले आणि मला उचलून त्यांनी अल्काबाईसमोर धरले. ती दोन पावले मागे सरकली. "मी चौथी नापास आहो जी."

"दात तर पास आहेत न तुहे!" मनिरामजी म्हणाले. "घे."

आता अल्काबाई फाटकाशी खुर्ची टाकून बसते आणि सगळ्यांदेखत दाणा चावते. ट्रकवाले तिच्या तोंडाकडे बघत उभे राहतात. मला बसलेला धक्का मात्र अजून ओसरलेला नाही. दोन वर्षे ती माझ्यापासून चार हातांवर होती आणि मी तिला फक्त झाडणारी समजत होते.

म्हणून एकच विनवणी करते, मित्रांनो. तुमच्या आसपास जो गुपचूप काम करतो, त्याला एकदा तरी विचारा, 'तुम्हाला यातलं काय कळतं?' मी विचारू शकले नाही, मला जीभ नाही. तुम्हाला आहे.